दस्त्याला स्क्रू नको, खोळ शिवून घ्या

देवगड तालुक्यातल्या एका आंबा-काजू बागायतदारांचं पत्र आलं आहे. ते लिहितात:

"वडील गेल्यावर शेतीसंरक्षणाचा परवाना आणि बंदूक रीतसर माझ्या नावावर झाली. बारा बोअर, एकनळी, मधून मोडणारी (म्हणजे बिजागरीवर उघडणारी), वर घोडा असलेली जुनी बंदूक. बागेखाली भाताचे कुणगे आहेत. भादव्यात भात पोटरीला आलं की डुकरं उतरतात, मग रात्री मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, जागायला जातो. काडतुसं आजवर पँटीच्या खिशात ठेवायचो. गेल्या पावसात व्हाळ ओलांडताना दोन पडली, दुसऱ्या दिवशी शोधली तर एकच सापडलं. मुंबईच्या मेव्हण्याने ऑनलाइन मागवून बंदुकीवरच सहा काडतुसं खोचून ठेवायची ॲल्युमिनियमची पट्टी पाठवली, ती कुठेच बसत नाही. सुतार म्हणतो, बंदूक ठेवून जा, दस्त्याला (खांद्याला टेकवायच्या लाकडी भागाला) दोन स्क्रू मारून बसवतो. आई म्हणते, 'बापाशीन कधी लावल्यान नाय, तू कित्याक लावतंस?' बायकोचं निराळंच. काडतुसं बंदुकीलाच लटकणार असतील तर बंदूक घरात नको म्हणते, कारण मुलगा चौथीत आहे. काडतुसं खोचायची घरं इलॅस्टिकची, चामड्याची, पट्ट्यावरची अशा प्रकारांत दिसतात. कुठला घेऊ आणि कसा लावू?"

नमस्कार.

तुमच्या घरातल्या सगळ्या मतांत वजनदार मत वहिनींचं आहे, म्हणून सुरुवात तिथून करतो. दस्त्यावर काडतुसं लावण्याचा एकच खरा तोटा आहे आणि तो त्यांनी नेमका हेरला आहे. बंदूक एका जागी आणि काडतुसं दुसऱ्या जागी, दोन कुलुपं, दोन किल्ल्या, अशी घराची शिस्त असते. काडतुसं दस्त्यालाच असली की ती शिस्त आपोआप मोडते. चौथीतल्या पोराला मग काही शोधावं लागत नाही. तेव्हा जे काही लावाल ते हाताने अर्ध्या मिनिटात निघणारं असलं पाहिजे. मांगराकडे निघताना चढवायचं, परत आल्यावर खळ्यातच उतरवायचं, काडतुसं मोजून त्यांच्या कपाटात टाकायची आणि मग बंदूक घरात न्यायची. ही एक अट मान्य केली की निम्मे प्रकार तुमच्या यादीतून आपसूक बाद होतात. कायमचं बसवायचं ते सगळं बाद, सुताराचे स्क्रूही त्यातच.

पुढे जाण्याआधी व्हाळात गेलेल्या त्या काडतुसाचं बघा. ते ठाण्यात लेखी कळवलं आहे का? पत्रात तसा उल्लेख नाही. शस्त्र हरवलं किंवा दारूगोळा हरवला तर जवळच्या पोलीस ठाण्यात लगेच खबर द्यायची, ही परवान्याच्या अटींतलीच एक अट आहे. एक काडतूस म्हणजे क्षुल्लक गोष्ट वाटते, पण परवान्यावर काडतुसांची संख्या लिहिलेली असते आणि पुढच्या खरेदीच्या वेळी हिशोब विचारला तर तो जुळायला हवा. साधा अर्ज द्या, पोच घ्या, परवान्याच्या पुस्तकात घालून ठेवा. आणि सापडलेलं दुसरं काडतूस रात्रभर पाण्यात होतं, ते वापरू नका. वरून सुकलेलं दिसतं, पण आत दारूला किंवा ती पेटवणाऱ्या बुडाच्या टोपीला ओल लागली असेल तर बार अर्धवट होऊन छर्रे नळीतच अडकू शकतात. मग त्याच नळीतून पुढचा बार काढला की नळी फाटते. जिथून काडतुसं घेता त्या परवानाधारक दुकानदाराला ते दाखवून त्याची रीतसर विल्हेवाट लावा.

आता मेव्हण्यांची पट्टी. मनाने पाठवली आहे, पण ती तुमच्या बंदुकीची नव्हे. अशा पट्ट्या पंप बंदुकांसाठी, म्हणजे पुढची मूठ मागे-पुढे ओढून काडतूस भरायच्या बंदुकांसाठी, बनतात. रेमिंग्टन ८७०, मॉसबर्ग ५०० अशा एकेका मॉडेलच्या अंगावरच्या पिना काढून त्याच भोकांतून लांब बोल्ट घालतात आणि पट्टी डाव्या अंगाला बसते. त्या बंदुकांचा मधला भाग सपाट, लांब आणि न मोडणारा असतो. तुमची बंदूक बरोबर तिथेच मोडते. वर कळ, मागे घोडा, खाली बिजागरी, पट्टी टेकायला जागा कुठली? शिवाय ज्या बंदुकीसाठी ती बनली आहे तिथेही बोल्ट जरा जास्त आवळले की बाजू दाबल्या जातात आणि पंप अडखळतो. कुणी सुचवेल की धातूला भोकं पाडून बसवू, किंवा मागे चिकटपट्टी लावू. धातूला भोक पाडणं ही दुरुस्ती झाली, आणि बंदुकीची दुरुस्ती करायला शस्त्र कायद्याखाली वेगळा परवाना लागतो. चिकटपट्टीला तर आपल्याकडची हवाच पुरेशी आहे. तेलाचा हात, घाम आणि जूनची दमट उष्णता, एवढ्यात ती सुटते आणि काडतुसांसकट गवतात जाते. ओळखीत कुणाकडे परवान्याची पंप असेल आणि मॉडेल जुळत असेल तर त्यांना द्या, नाहीतर परत पाठवा. मेव्हण्यांना सरळ सांगा, वाईट वाटण्यासारखं त्यात काही नाही.

सुताराबद्दल मात्र थोडं कडक बोलतो. "बंदूक ठेवून जा" हे वाक्य त्याने सहज म्हटलं असेल, पण परवाना तुमच्या नावावर आहे, त्याच्या नाही. तुमच्या मागे ती त्याच्या ताब्यात राहिली तर अडचणीत तुम्हीही येणार आणि तोही. दुसरं लाकडाचं. जुन्या बंदुकीचा दस्ता अक्रोडाचा किंवा शिसवीचा असतो, आणि मनगटाजवळ, म्हणजे जिथे मूठ धरतो तिथे, तो सगळ्यात बारीक असतो. बार उडताना बसणाऱ्या धक्क्याचा ताण तिथूनच जातो. स्क्रू तंतूंच्या दिशेने घुसला की आज नाही तर दोन पावसाळ्यांनी भेग पडते, कारण लाकूड पावसात फुगतं आणि मार्चमध्ये आकसतं, लोखंड मात्र तेवढंच राहतं. खाऱ्या हवेत लोखंडी स्क्रू गंजतो, भोवती काळा डाग पडतो आणि भोक सैल होतं. पितळी स्क्रूने गंज टळेल, भेग टळणार नाही. वडिलांनी जपलेला दस्ता आहे, त्याला भोक पाडण्याइतकं हे काम मोठं नाही.

उरतात तीन प्रकार.

खांद्याच्या पट्ट्यावर काडतुसांची घरं शिवलेली मिळतात. दिसायला रुबाबदार, पण करवंदीच्या जाळीतून एकदा चालून बघा. पट्टा झुलतो, काडतुसं काटेरी फांदीत अडकतात, आणि एखादं निसटलं तर कळतही नाही. तुमची मूळ तक्रारच काडतूस पडण्याची आहे, तेव्हा हा प्रकार नको.

इलॅस्टिकची खोळ स्वस्त, हलकी आणि ऑनलाइन सहज मिळणारी. ढुंगणाकडून दस्त्यावर मोज्यासारखी चढवायची, बाहेरच्या अंगाला काडतुसांची घरं. एखाददुसरा हंगाम ती चांगली चालते. पुढे इलॅस्टिक सैल पडतं, कारण आपल्याकडे घाम, ऊन आणि दमटपणा तिन्ही मुबलक, आणि बरेच लोक वर्षभर घरं भरून ठेवतात. ताणलेलं इलॅस्टिक ताणलेलंच राहायला शिकतं. आतून रबरी स्पंजाची असेल तर आणखी एक गोष्ट. तो स्पंज पाणी धरून ठेवतो आणि लाकडाला श्वास घेऊ देत नाही. भिजून आलात आणि तशीच खोळ चढवून बंदूक कोपऱ्यात ठेवली तर आठवड्यात पॉलिशवर पांढरट चट्टे उठतात, आणि लाकूड जिथे लोखंडाला मिळतं तिथे तांबूस गंज. पण तुम्ही रोज उतरवणारच आहात, म्हणून तुमच्यासाठी हा दोष निम्मा होतो. तातडीने काही हवं असेल तर हीच घ्या. घेताना एक कसोटी लावा. खोळ हातात धरून घरं खाली करून जोरात झटका, काडतूस जागचं हलता कामा नये. मग दोन बोटांनी ओढा, सरळ निघालं पाहिजे, दुसऱ्या हाताची मदत न घेता. पहिल्या कसोटीत पास आणि दुसऱ्यात नापास अशाच खोळी बाजारात जास्त असतात. दुकानात किंवा घरी ही कसोटी घेताना खरं काडतूस नको, लाकडी नमुना वापरा. तो कसा करायचा ते पुढे सांगतो.

माझं मत चामड्याच्या खोळीला, आणि तीही विकत घेण्यापेक्षा शिवून घेण्याला. खालच्या कडेला वाद्या ओवून बुटासारखी आवळता येणारी. चप्पल-बूट आणि दप्तरं शिवणारा कुठलाही चांगला कारागीर ती करील. त्याच्याकडे बंदूक न्यायची नाही, साचा न्यायचा.

साचा काढायची रीत अशी. आधी बंदूक मोडून चेंबर, म्हणजे नळीच्या बुडाची काडतूस बसायची जागा, रिकामं आहे ना ते डोळ्यांनी बघा, बोट घालूनही बघा. काडतुसं दुसऱ्या खोलीत. दस्ता पुसून कोरडा करा. वर्तमानपत्राचं पान घ्या, मुठीच्या मागे चार बोटं जागा सोडून तिथपासून दस्त्याच्या टोकाच्या इंचभर अलीकडेपर्यंत गुंडाळा आणि खालून चिकटवा. आता खांद्याला लावून बघा. गाल जिथे टेकतो तिथे पेन्सिलीने खूण करा, पट्ट्याची कडी जिथे आहे तिथेही. उजव्या खांद्यावरून मारत असाल तर गाल डाव्या अंगाला येतो, म्हणजे काडतुसांची घरं उजव्या, बाहेरच्या अंगाला. मग कागद खालून कापून सपाट करा. आयत अपेक्षित असतो, निघतो पंख्यासारखा तिरका आकार, कारण दस्ता मागे रुंद आणि मुठीकडे निमुळता असतो. तयार खोळी पुढे का सरकतात त्याचं कारण या कागदात दिसतं. बार उडाला की बंदूक मागे येते, खोळ जागेवर राहू पाहते, म्हणजे दस्त्याच्या मानाने पुढे, निमुळत्या बाजूला जाते, आणि तिकडे गेली की आणखी सैल. शेवटी मुठीवर येऊन अंगठ्याला अडते. म्हणून कारागिराला सांगा की मागच्या कडेला एक वादी हवी, जी पट्ट्याच्या कडीत अडकवता येईल. खोळीला मागे धरून ठेवण्याचं काम ती वादी करते, आवळण्याचं काम खालच्या वाद्या करतात.

खोळ सरकू नये म्हणून आपल्याकडे सायकलच्या ट्यूबचा तुकडा आत घालतात. करू नका. उन्हाळ्यात रबर पॉलिशला चिकटतं आणि काढताना पॉलिश घेऊनच निघतं. त्याऐवजी खोळीच्या आतल्या बाजूला चामड्याची खरखरीत बाजू ठेवायची, तेवढी पकड पुरते.

चामडं जाड नको. गालाखाली तर दोन मिलिमीटरच्या वर अजिबात नको, किंवा तिथे खाचच ठेवायला सांगा. कारण दस्त्याची वरची कड उंचावली की गाल उंचावतो, गालाबरोबर डोळा उंचावतो आणि बार वर जातो. वडिलांच्या बंदुकीने तुम्ही वर्षानुवर्षं जिथे नेम धरलात तिथे छर्रे जाणार नाहीत, आणि दोष काडतुसाला द्याल. खोळ शिवून आली की रिकामी बंदूक खांद्याला लावून डोळे मिटा, सवयीने गाल टेकवा, मग डोळे उघडा. नळीची पाठ आधीपेक्षा जास्त दिसत असेल तर खोळ जाड झाली.

घरं किती? मेव्हण्यांच्या पट्टीत सहा होती. तुम्हाला पाच पुरेत, आणि त्यांतही चारच भरा. बारा बोअरचं भरलेलं काडतूस साधारण ४५ ते ५० ग्रॅमचं असतं. चार म्हणजे जवळपास २०० ग्रॅम, सगळे मागच्या टोकाला. हलक्या एकनळीला एवढ्यानेही फरक पडतो, तोंड वर उचलल्यासारखं वाटतं. चार चालतात, आठ झाले की बंदूक परकी वाटायला लागते. शिवाय शेत राखायला जाणाऱ्याला आठ लागतात तरी कशाला? डुकरांचा कळप पहिल्या बाराला पळतो. नाही पळाला तर उभा राहून पुढचे सात बार काढण्यात शहाणपण नाही.

पाचवं घर रिकामं ठेवायचं ते मधलं. याला कारण आहे, आणि मला विचाराल तर दस्त्यावर काडतुसं लावण्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच. खिशात हात घातला की लहान छर्‍याचं काडतूस येतं की एसजी, म्हणजे जाड दाण्यांचं, ते अंधारात कळत नाही. दोन्हींचं बूड पितळी, दोन्हींची लांबी सारखी. खोळीत मात्र जागा ठरवता येते. मुठीकडची दोन लहान छर्‍याची, मग एक रिकामं घर, मग मागची दोन जाड दाण्यांची. अंगठा पुढून मागे फिरवला की रिकामी जागा लागते आणि आपण कुठे आहोत ते बोटांना कळतं. दर वेळी हाच क्रम, कधी बदलायचा नाही. तरीही चेंबरमध्ये घालण्याआधी विजेरीच्या उजेडात काडतुसावरचा आकडा वाचायचाच. सहा नंबरचे लहान छर्रे दोनशे मीटरच्या आसपास जमिनीवर येतात, एसजीचे दाणे पाचशे-सहाशे मीटरपर्यंत जाऊ शकतात. तुमच्या कुणग्यापलीकडे एवढ्या अंतरात दुसऱ्याचा मांगर असेल, किंवा आंब्याच्या बागेत वस्तीला असलेला नेपाळी रखवालदार. अंधारात गडग्यामागे हललेलं काहीही डुक्कर समजून बार काढल्याच्या बातम्या कोकणात दर एक-दोन वर्षांनी वाचायला मिळतात, आणि त्यांत पडलेलं डुक्कर नसतं.

लांबीचंही सांगायला हवं, कारण बंदूक जुनी आहे. जुन्या बंदुकांचं चेंबर बऱ्याचदा ६५ मिलिमीटरचं असतं, आता दुकानात ७० मिलिमीटरची काडतुसंही मिळतात. हा आकडा उडालेल्या, तोंड उघडलेल्या पुंगळीचा, म्हणजे काडतुसाच्या रिकाम्या नळकांड्याचा असतो. न उडालेलं, तोंड दुमडलेलं ७० चं काडतूस साठाच्या आसपास भरतं, म्हणून ते ६५ च्या चेंबरमध्ये गुपचूप बसतं, बंदूक बंदही होते. उडताना मात्र दुमड उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. बसलं म्हणजे चाललं, असं समजू नका. बंदूक मोडून नळीच्या बुडाखाली कोरलेले आकडे बघा, वाचता येत नसतील तर परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडून चेंबर मोजून घ्या. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या शक्तिमानवर असो वा दुसऱ्या कुठल्या, डब्यावर लांबी छापलेली असते. तुमच्या चेंबरला चालतं तेवढंच घरात आणा, म्हणजे खोळीत दुसरं येण्याचा प्रश्नच नाही. वीस बोअरचं काडतूस तर घरातही नको. बारा बोअरच्या नळीत ते चेंबर ओलांडून पुढे जाऊन अडकतं, आणि मागून बाराचं घालता येतं. पुढे काय होतं ते सांगायला नको. वीस बोअरची पुंगळी पिवळी ठेवायचा रिवाज त्यासाठीच पडला आहे.

सुताराला काम द्यायचंच असेल तर हे द्या: साडेवीस मिलिमीटर जाडीचे, साठ लांबीचे पाच लाकडी दंडगोल, एका टोकाला साडेबावीसची कड. काडतुसाच्या मापाचे नमुने. सावंतवाडीत लाकडी खेळणी करणाऱ्यांकडे लेथ असते, चितारआळीत कुणीही ते चुटकीसरशी काढून देईल. रंगही देऊ दे, लाल नको, म्हणजे खऱ्याशी गल्लत होणार नाही. हे नमुने कारागिराला द्यायचे. त्यांच्यावर तो घरं बेतील. चामड्याची पट्टी ओलसर करून नमुन्यांवर ताणून शिवली आणि नमुने आतच ठेवून सावलीत वाळवली की घरं त्याच मापाची होतात. उडालेल्या पुंगळ्या यासाठी वापरू नका, बार झाल्यावर पुंगळी जराशी फुगलेली असते, घरं सैल पडतील. दोन घरांच्या मध्यांतलं अंतर पंचवीस मिलिमीटर ठेवा, म्हणजे बुडाच्या कडा एकमेकींवर चढत नाहीत. पट्टीची रुंदी चार सेंटीमीटरच्या आत असावी. बूड वर, दस्त्याच्या वरच्या कडेकडे. बंदूक आडवी धरली की बुडाची कड पट्टीवर टेकते आणि काडतूस खाली निसटत नाही. भादव्यात जायचं म्हणजे वरून चामड्याचं झाकण हवं, एका बटणाचं. पाऊस अडतो आणि पितळाला पितळ लागून होणारी किणकिणही थांबते.

चामड्याचा एक दोष आहे, तो मात्र नीट लक्षात ठेवा. कोल्हापुरी चपलांचं चामडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं असतं. अंगाला दणकट, पण आंबट. त्यात पितळ दिवसेंदिवस बसलं आणि वर खारी हवा लागली की कल्हई उडालेल्या पातेल्यातल्या ताकासारखं ते कळकतं. बुडाभोवती हिरवा, मेणचट काट धरतो. असं काडतूस चेंबरमध्ये अडकून बसतं, बार झाल्यावर पुंगळी निघत नाही, आणि रात्री मांगरात चाकूने उकरत बसायची पाळी येते. म्हणून खोळ हे काडतुसं नेण्याचं साधन, ठेवण्याचं नव्हे. रात्र संपली की काडतुसं बाहेर, कोरड्या फडक्याने पुसून झाकणाच्या डब्यात, डब्यात ओल शोषणाऱ्या पुड्या. काट धरलेलं काडतूस घासून पुन्हा वापरात घेऊ नका. खोळीला जुलैत बुरशी येणारच, ओल्या फडक्याने पुसा, सावलीत वाळवा, अधूनमधून मेण लावा. खोबरेल नको, चामडं मऊ पडतं आणि घरं सैल होतात. दस्त्याला मात्र वर्षातून एकदा जवसाच्या तेलाचा हात द्या.

रिकामी पुंगळी परत खोळीत खोचायची सवय लावून घेऊ नका. ती वेगळ्या खिशात. खोळीत असेल ते जिवंतच असेल, हा नेम अंधारात उपयोगी पडतो. पुंगळ्या टाकूनही देऊ नका, हिशोबाला लागतात.

तुम्ही विचारलं नाहीत तरी एक सांगतो. शेतीसंरक्षणाचा परवाना बंदूक बाळगण्याचा आहे, जनावर मारण्याचा नाही. रानडुक्कर पीक उद्ध्वस्त करत असलं तरी त्याला मारण्यासाठी वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली वनखात्याची लेखी परवानगी लागते. गव्याचं तर नावच काढू नका, तो पहिल्या अनुसूचीत आहे. नुकसान झालं की आधी पंचनामा आणि भरपाईचा अर्ज. हाकण्यासाठी बार काढायचा तर लहान छर्‍याचा, आणि घरं, वाटा, दुसऱ्यांच्या बागा सोडून.

आईंना काय सांगाल? त्यांचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. तुमच्या वडिलांनी काही लावलं नाही, कारण त्यांच्या वेळी अंगरख्याला झाकणाचे खोल खिसे असायचे, आणि कदाचित दोनच काडतुसं घेऊन जायची त्यांची पद्धत असेल. तुम्हालाही खोळ शिवेपर्यंत तसंच चालवता येईल. बटणाचा खिसा असलेलं जाड खादीचं जाकीट, डाव्या खिशात लहान, उजव्यात जाड. खोळीवाचून अडत नाही. ती बरी पडते, एवढंच. आईंना खोळ काढून, घालून दाखवा. दस्त्यावर ओरखडा नाही हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं की बहुधा विषय मिटेल.

आणि आचारसंहिता लागली की बंदूक ठाण्यात जमा करायची वेळ येते. २०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा मिळून ती दोनदा आली होती. जमा करताना खोळ घरीच काढून ठेवा. महिना-दोन महिने ती दस्त्यावर तशीच राहिली तर खाली ओल धरून लाकूड खराब होतं, आणि कुणी घाईत तिच्यासकट नोंद केली तर परत घेताना वाद. नळीला आतून-बाहेरून तेलाचा पातळ हात द्या, पावतीवर बंदुकीचा नंबर परवान्याशी ताडून बघा. काडतुसंही जमा करायला सांगितली तर ती मोजून वेगळी द्या आणि आकडा पावतीवर लिहून घ्या.